आंब्याची जागा

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून चौतीस वर्षं काढून सुखदेव ओव्हाळ २००४ साली निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं आणि म्हणाले, "ओव्हाळांनी मोजलेल्या जमिनीवर कधी फेरमोजणीचा अर्ज आला नाही." हे अगदी खरं नव्हतं, अर्ज दोनदा आला होता. पण दोन्ही वेळा ओव्हाळांचीच मोजणी बरोबर निघाली होती, म्हणून त्यांनी साहेबांचं वाक्य दुरुस्त केलं नाही.

त्यांचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. मुलगा शिकला, सरकारी नोकरीत लागला, मोजणीची साखळी आणि प्लेन टेबल घेऊन जिल्हाभर हिंडला. लग्न झालं, सहकारनगरला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. बायको शालन महापालिकेच्या शाळेत शिकवायची. एकुलती एक चैताली कॉम्प्युटर इंजिनिअर झाली आणि २००१ साली अमेरिकेला गेली. दोन वर्षांनी शालन आजारी पडून गेली. चैताली आली, तेरा दिवस राहिली आणि परत गेली. पुढे तिचं तिथेच अभय नावाच्या मुलाशी लग्न झालं, आयुष झाला. सुखदेवरावांनी नातवाला एकदाच प्रत्यक्ष पाहिलं होतं, तो दहा महिन्यांचा असताना.

दर रविवारी सकाळी नऊला तिचा फोन यायचा. सुखदेवराव साडेआठलाच दाढी-आंघोळ उरकून फोनशेजारी बसायचे. आठवडाभर मनात साठवलेलं बोलणं फोन उचलल्यावर मात्र आठवायचं नाही. जेवलात का, गोळ्या घेता का, तिकडे थंडी आहे का, एवढ्यावर दहा मिनिटं संपत. फोन ठेवल्यावर त्यांना सगळं आठवायचं. मग ते शालनच्या फोटोकडे न बघता स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरत.

२००७ च्या गणपतीत चैतालीच्या ऑफिसातला एक जण पुण्याला आला, त्याच्याबरोबर तिने एक पिवळं यंत्र पाठवलं. मुठीत मावणारं, वर छोटा पडदा. जीपीएस.

"बाबा, आम्ही दर शनिवारी आयुषला घेऊन हा खेळ खेळतो," तिने फोनवर सांगितलं. "कुणीतरी डोंगरात एक डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं. आपण यंत्र घेऊन तो शोधायचा. डब्यात वही असते, तिच्यात नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवायचा."

"आणि मग?"

"मग काही नाही. घरी यायचं."

"मोठी माणसंही हे करतात?"

"तुम्ही एकदा करून तर बघा. पुण्यातही आहेत डबे. तळजाईवर एक आहे, तुमच्या घरामागेच."

त्यांनी करून पाहिलं आणि त्यांना ते आवडलं. आवडलं याचं खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आता रविवारी बोलायला काहीतरी असायचं. ती तिकडचा डबा सांगायची, ते इकडचा. दहा मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली. आयुषही मध्येच फोन ओढून घेऊन विचारायचा, "आजोबा, डिड यू फाइंड इट?"

मार्च २००८ मध्ये ते तळजाईवरचाच दुसरा एक जुना डबा शोधायला गेले. वनखात्याच्या जुन्या भिंतीपाशी, घाणेरीच्या जाळीत. डबा मिळाला. तो परत दगडाखाली सारताना हाताला दुसरंच काही लागलं. मातीने माखलेलं एक करडं यंत्र. त्यांच्यासारखंच, जरा जुन्या मॉडेलचं. एक पावसाळा तरी त्याने तिथे काढला असावा.

घरी आणून त्यांनी ते पुसलं. आतल्या सेलांचं पाणी होऊन पत्र्यांवर हिरवट थर चढला होता. तो त्यांनी लिंबाने घासून काढला, दोन दिवस यंत्र उन्हात ठेवलं आणि नवे सेल घातले. तिसऱ्या दिवशी पडदा उजळला. मालकाचं नाव-पत्ता काही नव्हतं. साठवलेल्या सात जागा होत्या, इंग्रजी अक्षरांत: विहीर, खळं, गोठा, बांध एक, बांध दोन, बांध तीन. सातवी, आजोबा.

चैतालीने त्या खेळाच्या वेबसाइटवर 'यंत्र सापडलं आहे' अशी सूचना टाकली. महिना झाला, कुणी उत्तर दिलं नाही.

"राहू दे ना बाबा," ती म्हणाली. "लोकांनी एव्हाना नवीन घेतलं असेल."

पण सुखदेवरावांना चैन पडेना. त्यांनी आलेखाचा कागद काढला आणि सातही जागा त्यावर मांडल्या. तीन बांध जोडल्यावर जो आकार आला, तो कुणाच्या सहलीचा रस्ता नव्हता. तो गट होता. हिंजवडीकडचं, पाच एकरांच्या आसपासचं शेत, एका टोकाला निमुळतं होत गेलेलं. कुणीतरी आपलं शेत या डबीत भरून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी फोन झाल्यावर ते बसने स्वारगेटहून मनपाला आणि मनपाहून हिंजवडीला गेले. दोन्ही यंत्रं पिशवीत होती. बसमधून उतरून हिंजवडीच्या पलीकडे ते चालत गेले आणि यंत्रावरचा बाण त्यांना एका उंच भिंतीपाशी घेऊन आला. भिंतीआड काचेच्या चार इमारती होत्या. सातही जागा भिंतीच्या आत पडत होत्या.

गेटवरच्या वॉचमनने अडवलं. नाव रतन, वय पन्नाशीचं.

"काका, आज सुट्टी. आणि पास असल्याबिगर आत सोडत न्हाय."

सुखदेवरावांनी त्याला यंत्र दाखवलं आणि जागांची नावं वाचून दाखवली. पडद्यापेक्षा रतन त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिला. 'आजोबा' ऐकल्यावर म्हणाला, "ही मथुराआजीची जमीन. ऋषीचं असंल हे. लई शोधलं त्यानं." मग त्याने हाताने दाखवलं. "त्यो तीन मजली बंगला. मागच्या अंगानं जावा, म्हातारी म्होरं बसत न्हाय."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"शेजारचा तुकडा आमचा व्हता. आता त्यावर कँटीन हाय. मी राखण करतो." असं म्हणून त्याने गेट ओढून घेतलं.

बंगल्याच्या वरच्या दोन मजल्यांवर कंपन्यांतली मुलं भाड्याने राहत होती. गॅलऱ्यांत टॉवेल आणि जीन्स वाळत होत्या. मागे पत्र्याच्या पडवीत पंचाहत्तरीच्या मथुराबाई सुपात गहू निवडत बसल्या होत्या. नजर अधू झालेली, सगळं काम बोटांनी चाललेलं. सुखदेवरावांनी नमस्कार करून कशासाठी आलो ते सांगितलं. मथुराबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "ऋषी! आरं ऊठ! आजोबा घावलं!"

ऋषी त्यांचा नातू. पंचविशीचा, शेजारच्याच एका कंपनीत प्रोग्रॅमर. डोळे चोळत बाहेर आला आणि यंत्र हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"काका, सीरियसली... मी सहा-सात वेळा गेलो होतो तळजाईवर. मित्रांबरोबर तो डबा शोधत होतो, कुठे पडलं कळलंच नाही. आणि कॉपी केली नव्हती. आज करू, उद्या करू, राहूनच गेलं. आजी रोज विचारते. रोज."

मग त्याने सगळं सांगितलं. जमीन ९८ साली संपादनात गेली, पण सात-आठ वर्षं तशीच पडून होती. आजोबा, म्हणजे मथुराबाईंचे मालक भैरू, त्याच्याही आधी वारले होते. त्यांची रक्षा शेतातच पुरून त्यावर मथुराबाईंनी आंबा लावला होता. जमीन गेली तरी त्या भिंतीच्या भगदाडातून आत जायच्या, आंब्याला पाणी घालून यायच्या. २००६ मध्ये इमारतींचं काम सुरू होणार असं कळलं तेव्हा ऋषीने एका मित्राकडून हे यंत्र मागवलं. जेसीबी यायच्या आदल्या आठवड्यात आजी पुढे आणि तो मागे, अशी सात ठिकाणं त्यांनी नोंदवली.

"मला न्हाय जाता आलं तरी चालंल," मथुराबाई म्हणाल्या, "पण कुठं हायेत ते ठावं पायजे की न्हाय?"

त्यांनी सुखदेवरावांचा आवाज मघापासून कान देऊन ऐकला होता. आता त्या जरा पुढे झुकल्या.

"तुमी मोजणीवालं भाऊसाहेब न्हवं? दोन दिवस व्हता आमच्या रानात. शेंगांचं दिवस व्हतं."

सुखदेवरावांना त्या परिसरातली मोजणी आठवत होती, कॅम्प आठवत होता. हे शेत, ही बाई आठवत नव्हती. त्यांनी तसं सांगितलं. "खोटं कशाला बोलू, मावशी. मला आठवत नाही."

"कशाला आठवंल. तुमाला हजार शेतं. मला येकच व्हतं."

मथुराबाई हे रागाने बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "मी पाण्याचा तांब्या आणला व्हता. तुमी घेतला न्हाय. पिशवीतली बाटली दाखवलीत. मला राग आला व्हता, म्हटलं, सरकारी मानूस, लई ताठा. मागनं कुणीतरी सांगितलं, तुमी कोण ते. मग लक्षात आलं बाटली का ते."

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका गावात सुखदेवरावांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं गेलं होतं. भांडं हातात दिलं नव्हतं. त्या दिवसापासून चौतीस वर्षं ते घरचीच बाटली नेत. हे त्यांनी शालनशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. इथेही सांगितलं नाही. "सवय होती," एवढंच म्हणाले. मथुराबाईंनी ऋषीला चहा टाकायला लावला आणि तीन कप एकाच ताटलीत आले. सुखदेवरावांनी समोरचा कप उचलला.

चहा पिताना मथुराबाईंनी विचारलं, "तुमचं कोण हाय घरी?"

"मुलगी अमेरिकेत असते. मी एकटाच."

"किती लांब हाय ते?"

पिवळ्या यंत्रात सुखदेवरावांनी चैतालीचं घर नोंदवून ठेवलं होतं. अंतर त्यांना पाठ होतं. "तेरा हजार किलोमीटर."

मथुराबाईंनी थोडा विचार केला. "माजं पाव कोसावर हाय. पर पोचायचं तुमाला न्हाय आन् मलाबी न्हाय."

निघताना सुखदेवरावांनी ऋषीला बाजूला घेतलं. "आजींना एकदा आत नेता येईल का?"

"तिथे माझा एक क्लासमेट आहे, तो व्हिजिटर पास काढेल. पण काका, आत काहीच उरलेलं नाही. लॉन आहे नुसतं. आणि हे यंत्र दहा-बारा मीटर इकडेतिकडे दाखवतं. नक्की जागा कशी सांगणार तिला?"

"तुमच्याकडे मोजणीची प्रत असेल. खातेदाराला देतात ती."

असणारच होती. मथुराबाईंच्या पत्र्याच्या पेटीत, सातबाराच्या जुन्या उताऱ्यांखाली, चार घड्या पडलेली. गट नंबर दोनशे चौदा. विहिरीचं वर्तुळ, खळं, ओढ्याकडचा बांध आणि मध्यावर झाडाची खूण, शेजारी बारीक अक्षरात 'आंबा'. खाली सही: सु. रा. ओव्हाळ. आपलंच अक्षर ते कितीतरी वेळ बघत राहिले. तो आंबा कुणाचा, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. संपादनात झाडं मोजायची असतात, म्हणून मोजलं होतं.

दोन आठवड्यांनी, पुन्हा रविवारी, ते तिघं त्या गेटमधून आत गेले. नोंदवहीत भेटीचा उद्देश लिहायचा रकाना होता. ऋषी अडखळला. सुखदेवरावांनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'मोजणी'.

गटाच्या कोपऱ्याचा एक दगड कुंपणाच्या भिंतीत अर्धा चिणलेला सापडला. दुसरा, ओढ्याकाठचा, कुठेच नव्हता. पण भिंत बांधलेली होती ती मोजणीच्याच रेषेवर, तेव्हा दिशा मिळाली. सुखदेवरावांनी तीस मीटरची टेप काढली. एक टोक ऋषीने धरलं. भिंतीच्या कडेने एकशे बारा मीटर मोजून त्यांनी खूण केली. तिथून काटकोनात अठ्ठेचाळीस. काटकोनासाठी लागणारा शंकू, म्हणजे डोक्यावर फुलीसारख्या खाचा असलेला दांडा, त्यांनी घरी लाकडाचा करून आणला होता. मथुराबाई रतनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टेप सरकल्याचा आवाज ऐकत होत्या. यंत्र म्हणत होतं, आंबा डांबरी रस्त्यावर आहे. टेप म्हणाली, रस्त्याच्या अलीकडे नऊ पावलं, हिरवळीवर. सुखदेवरावांनी सगळं पुन्हा, उलट बाजूने मोजलं. दुसऱ्यांदाही तीच जागा आली, वितभराच्या फरकाने.

"मावशी, या."

हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी होती. रतनने पाटीकडे पाहिलं आणि गेटकडे तोंड करून उभा राहिला.

ऋषीने धरून नेलं. मथुराबाईंनी चपला काढल्या. "हितंच का, भाऊसाहेब? नक्की?"

"इथेच."

त्या खाली बसल्या. नुकतंच पाणी सोडलेलं होतं, लुगडं भिजलं. त्यांनी दोन्ही तळवे गवतावर टेकवले आणि पलीकडे बसलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलायला लागल्या.

"अवो, म्या आलेय. ऋषीला नोकरी लागली. हितंच, शेजारच्या कंपनीत. गोठा मोडला, म्हशी इकल्या. पडवी न्हाय मोडू दिली. मला दिसत न्हाय आता नीट..."

सुखदेवराव टेप गुंडाळत लांब गेले. पाठमोरे उभे राहिले तरी शब्द कानावर पडत होते. पाच वर्षांत ते शालनशी असं एकदाही बोलले नव्हते. कर्मकांड नको, असं दोघांचंही ठरलेलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं होतं. जाऊन बसावं अशी एखादी जागाही ठेवली नव्हती. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं. आताही चुकलं असं वाटत नव्हतं. पण चैताली परत गेली त्या दिवशी विमानतळावरून घरी येताना स्वारगेटला उतरल्यावर कुठे जावं हे न कळून आपण तासभर बाकावर बसलो होतो, ते कुणाला तरी सांगायचं राहिलं होतं. "अगं," ते हळूच म्हणाले. पुढे काही सुचलं नाही. पण तेवढा शब्द तोंडातून गेला, हेही पाच वर्षांत पहिल्यांदाच झालं होतं.

मथुराबाई अर्धा तास बसल्या. उठताना म्हणाल्या, "झालं. आता जाऊ."

पुढच्या रविवारी सुखदेवरावांनी चैतालीला सगळं सांगितलं. बाटलीचंही सांगितलं, जे तिला कधी माहीत नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, या दिवाळीत येते. नक्की येते." पण त्या दिवाळीच्या आधीच तिकडे मंदी आली, अभयची नोकरी गेली आणि येणं लांबलं. ती आली २००९ च्या डिसेंबरात, तीन आठवडे. त्यातला पहिला आठवडा ती दुपारभर झोपायची. सुखदेवरावांनी तिच्यासाठी बरेच बेत आखले होते. पण ती झोपलेली असताना ते खोलीच्या दाराशी खुर्ची घेऊन पेपर वाचत बसत, आणि आयुषने आवाज केला की त्याला बोटाने गप्प करत. ते दिवस त्यांना पुरले नाहीत. पुरणारही नव्हते.

त्या हिरवळीवर पुढे पार्किंगची दोन मजली इमारत उभी राहिली. मथुराबाईंना ऋषीने सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हाय न्हवं खाली? मग झालं."

२०१० मध्ये ऋषीच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवलं. जाण्याआधी तो सहकारनगरला आला. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, आजीकडे अधूनमधून जाल का? घरात सगळे आहेत, पण ती कुणाशी बोलत नाही."

सुखदेवराव जायला लागले. रविवारी चैतालीचा फोन झाला की बस धरायची, अकराच्या सुमारास पडवीत पोचायचं. चहा व्हायचा. मथुराबाई गहू नाही तर हरभरे निवडत असायच्या, आता जवळजवळ न बघताच. साडेअकराला ऋषीचा फोन यायचा. तो येईपर्यंत दोघांचं फारसं बोलणं होत नसे. दोघांचीही नजर फोनकडे.

एका रविवारी फोन आला नाही. पावणेबारा झाले, बारा झाले.

"तिथं आता किती वाजलं असतील?" मथुराबाईंनी विचारलं.

"शनिवारची रात्र असेल. कालची."

"म्हंजे त्यो अजून कालच्यातच हाय?"

"हो."

मथुराबाईंनी सूप खाली ठेवलं. "मंग येईल की. त्याचा दिस कुठं सरलाय." आणि त्यांनी आत सुनेला हाक मारून सांगितलं, भाऊसाहेबांचं ताट वाढ, आज ते इथंच जेवतील.

सुखदेवराव नाही म्हणाले नाहीत. हात धुऊन ते पडवीत पाटावर बसले.